पाळणा बारीला कसा न्यायचा

अल्बानियातल्या दुर्रेसच्या बंदरासमोर, तिकिटांच्या खिडकीमागे हायरिये मावशी बावीस वर्षं बसते आहे. समुद्रापलीकडे इटलीतल्या बारीला कसं जावं, हे तिला विचारावं. समोरच्याला एकदा खालून वर न्याहाळायची आणि सांगून टाकायची.

"गुडघे दुखतात? मग विमान. बसलात की उतरलात."

"सामान आहे? मग बोट. नऊ तास लागतील, पण वजन कोणी करत नाही."

"पाण्याची भीती? मग बस. सगळ्या समुद्राला वळसा घालून, दीड दिवस. उतरल्यावर कंबर कुठल्या देशात राहिली ते शोधत बसा."

लोक हसत आणि ती सांगेल तेच तिकीट घेत. त्या उन्हाळ्यात मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर काम करत होते. तिला चाचरताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी तिची मुलगी अल्कीदा बारीत बाळंत झाली. मुलगा झाला. मावशीने रांगेतल्या सगळ्यांना मिठाई वाटली आणि खुर्चीत येऊन बसली.

"आता पाळणा," ती म्हणाली.

पहिल्या नातवंडाचा पाळणा आईच्या आईने न्यायचा असतो. तिसऱ्या रात्री बाळाचं नशीब ठरवायला तिघी देवी येतात, तेव्हा बाळ त्यात निजलेलं हवं. म्हणजे गुरुवारची रात्र. पाळणा घरात तयारच होता. अक्रोडाच्या लाकडाचा, जमिनीवर दोन वाकड्या पट्ट्यांवर डुलणारा. अल्कीदाही त्यातच वाढली होती.

पण दोन वर्षांपूर्वी तो एकदा बारीला जाऊन आला होता. अल्कीदाला सहावा महिना होता आणि मावशीला दम निघत नव्हता. ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर तिने तो बसने पाठवून दिला. तो पोचला त्याच आठवड्यात बाळ पोटातच गेलं. रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हा दीड दिवस घाटांतून रिकामा हलत गेला होता. मावशी हे तोवर कधी कोणाशी बोलली नव्हती. फक्त पाळणा परत आला तेव्हा तिने तो पलंगाखाली सारला आणि भिंतीला घट्ट टेकवून ठेवला.

त्या मंगळवारी दुपारी अल्कीदाचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"आई, पाळणा आणशील ना?"

"आणते की."

"आण. पण..." ती थांबली. "रिकामा हलू देऊ नकोस."

मावशीने फोन ठेवला. "तिलाही तेच वाटत होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं. आणि मला वाटत होतं, ते फक्त माझ्याच डोक्यात आहे."

मग तिन्ही वाटांचा काथ्याकूट सुरू झाला. विमान? मोठं सामान विमानाच्या पोटात जातं, आडवं, उलटं, कसंही. बस? बसचं तर नावच नको. पण बसमध्ये निदान तो मांडीजवळ धरता येईल. बोटीत पण धरता येईल. पण बोट म्हणजे डुलणं. बोटीचं काम काय तर डुलणं.

"उतारू रांगेत उभे आहेत," मी म्हटलं.

"राहू देत," मावशी म्हणाली. गिऱ्हाइकाला राहू देत म्हणणारी मावशी मी पहिल्यांदाच पाहिली.

संध्याकाळी तिच्या घरी तिचे यजमान स्केंदर काका हातात पक्कड घेऊन आले. त्यांनी उभा जन्म बंदराच्या क्रेनवर काढला. कुठलंही ओझं कसंही हलवता येतं, असं त्यांचं मत.

"सुटा करून नेऊ. चार खुंट्या, दोन फळ्या. पाळणाच राहिला नाही तर हलणार काय?"

"हात लावून तर बघा! लाकूड फुटलं तर तुमची हाडं सुटी करीन."

"मग भरून ने. आत एक कलिंगड ठेव. झाला ना भरलेला?"

शेजारच्या नुरिये आजी खिडकीतून सगळं ऐकत होत्या. "कलिंगडाला नशीब असतं का रे, स्केंदर? जीव हवा आत, जीव!"

"मग मीच बसतो."

"बस ना," आजी म्हणाल्या. "म्हणजे पाळणा हलायचा नाही, मोडायचाच."

सगळे हसले. मावशी हसली नाही.

बुधवारी दुपारी बस सुटली, तेव्हा मावशीचं मन नेमकं बसवर येत होतं. विमानाच्या सामानवाल्यांना तिने तीनदा फोन केला आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. तेवढ्यात विमानही भरलं. गुरुवार सकाळची बोट तेवढी उरली. म्हणजे तिने ती निवडली असं म्हणता येत नाही.

पुढचं तिनेच मला सांगितलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा थोडं वेगळं.

ती डेकवर, सावलीच्या बाकाशी बसली. पाळण्याच्या एका पट्टीखाली घडी केलेली शाल, दुसरीवर स्वतःचा पाय. दुपारपर्यंत ठीक चाललं. मग समुद्र फुगला. बोट एका अंगावर जायची, दुसऱ्या अंगावर यायची. शाल निसटली, पाय बधिर झाला. ती दोन्ही हातांनी पाळणा दाबून धरत होती आणि तो तरीही हलत होता.

शेजारी एक तरुण बाई होती, आमच्याकडच्या फिएर गावची, इटलीत कामावर परत चाललेली. तिच्या खांद्यावर तीन-चार महिन्यांची मुलगी, सकाळपासून किंचाळणारी.

"मावशी," ती म्हणाली, "हात गळून गेलेत हो. पाच मिनिटं हिला त्यात ठेवू?"

मावशीने पाळण्याकडे पाहिलं. नातवाच्या आधी परकं मूल? पण रडत्या लेकराला नाही म्हणायचं, तेही आजच्या दिवशी?

"ही पहिलीच का?" तिने विचारलं.

"हो."

"सुखरूप झाली? तुम्ही दोघी बऱ्या होतात? बाप आहे?"

"आहे, मिलानोत. मावशी, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही गं, तिकिटं विकते."

ती बाई हे उत्तर समजण्याचा प्रयत्न करत होती, तोवर मावशीने पाळण्यावरचा हात काढला. मुलगी आत गेली. थोडं कुरकुरली, मग बोटीने तिला एका अंगावर नेलं, दुसऱ्या अंगावर आणलं, आणि ती झोपली. बारी दिसेपर्यंत झोपली. मावशी मात्र सारखी बघत होती. झाली ही गोष्ट बरी की वाईट? या पोरीने पाळण्यात काही ठेवलं, की काही उचलून नेलं? बंदरावर गर्दीत ती बाई "देव भलं करो" म्हणत गेली.

संध्याकाळी अल्कीदाने दार उघडलं. कडेवर बाळ. आधी पाळण्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"रिकामा हलला?"

"नाही." खरं म्हणजे थोडा हलला होता, पण तेवढं मावशीने स्वतःपाशी ठेवलं.

"कोण होतं मग आत?"

"एक मुलगी. फिएरची." मावशी म्हणाली. "मला कळेना गं. चुकलं असेल तर मला आत्ताच सांग, मी हा तसाच परत नेते."

अल्कीदाने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"रडली?"

"आत ठेवल्यावर? झोपली. पार बारी येईपर्यंत."

अल्कीदाने पाळण्याच्या कडेवरून हात फिरवला. मग वाकून बाळाला आत ठेवलं. दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. पाळण्याला हात लावायचं धाडस दोघींपैकी एकीलाही होईना. बाळाने पाय झाडले, आणि तो आपणच हलला.