रिकाम्या रस्त्यावरची घंटी

खिल्लारे सर रिकाम्या रस्त्यावरही सायकलची घंटी वाजवायचे. मैलभर पुढे कुत्रंसुद्धा नसायचं. दोन्ही बाजूंना करडईची रानं, मधे सरळ रस्ता, आणि सरांचा अंगठा आपला घंटीवर. मी नोकरीत नवा होतो, तोंडाळही होतो. पहिल्याच रविवारी विचारलं, "सर, कुणासाठी वाजवताय?"

"रस्त्याला कळू द्या, आपण आलोत म्हणून," ते म्हणाले.

हा किस्सा मी सोमवारी शिक्षकांच्या खोलीत नकलेसकट रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. आज हे लिहिताना माझी मला लाज वाटते.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. मी मानवतचा काळे, गणित शिकवायला जिंतूरच्या शाळेत लागलो होतो. सर चित्रकला शिकवायचे. उंच, काळेसावळे, पांढराशुभ्र शर्ट, खिशात तासलेल्या तीन पेन्सिली. सबंध गावात माझी कुणाशी ओळख नव्हती, पण माझ्याकडे सायकल होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला जवळ केलं. दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. नेमगिरीच्या टेकडीतली लेणी, चारठाण्याची जुनी देवळं आणि आसपासच्या गावांतल्या बारवा, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणाऱ्या दगडी विहिरी. सर खाली जाऊन एखाद्या पायरीवर बसत आणि मांडीवर वही घेऊन ती बारव दगड न् दगड उतरवून काढत. मी सावलीत आडवा व्हायचो.

देवळात ते कधी हात जोडत नसत. एका पुजाऱ्याने खोचकपणे विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, "देवाशी माझं भांडण न्हाई, महाराज. पण माझं काम दगडाशी हाय." छप्पनला त्यांच्या घराने धम्म स्वीकारला, त्याआधी या बारवांच्या पहिल्या पायरीवरही त्यांच्या वडिलांना पाय ठेवता येत नव्हता. त्याच वडिलांनी निजामाच्या काळात याच रस्त्याची खडी फोडली होती. "ह्या रस्त्यावर माझ्या बापाचा घाम हाय. तो मला पाडायचा न्हाई," असं सर म्हणायचे. मला ते वाक्य फार आवडायचं.

सरांच्या मंडळी बोलायला अगदी मोजक्या. निघताना भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून माझ्या हातात देत. सरांच्या कधीच नाही. एकदा सर आत वही आणायला गेले, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, यांच्या उजव्या अंगानं चालवत जा."

"का हो, वहिनी?"

"चालवत जा, बस्स." आणि त्या आत निघून गेल्या.

मला वाटलं, काहीतरी नवस-शकुनाचं असेल. तेव्हा लक्षात आलं नाही की या घरात नवस-शकुन कधीच बंद झाले होते. पण त्यानंतर मी बघू लागलो. सर फळ्यावरची रेघ ताठ मारायचे, दूरच्या खांबावरची नक्षी अचूक काढायचे. पण उजव्या बाजूने कुणी चहाचा कप पुढे केला की कप तसाच राहायचा. बाजारात कुणी उजवीकडून नमस्कार केला की सर सरळ पुढे निघून जायचे. गावात कुजबुज सुरू झाली होती की मास्तराला गर्व झाला. परक्यांचं सरांना फारसं वाटत नसे. पण त्यांच्याच वस्तीतली गयाबाई, आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई, वहिनींना भर रस्त्यात म्हणाली, "तुमचे मालक लय मोठे झाले, बाई. आमचा जयभीमसुदिक घेत न्हाईत." त्या दिवशी सर जेवले नाहीत, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

मग तो बैलगाडीचा रविवार आला. उजवीकडच्या गाडवाटेने कापसाची गाडी रस्त्यावर चढत होती, गाडीवान ओरडत होता, आणि सर थेट बैलांच्या अंगावर चालले होते. मी जीव खाऊन पायडल मारलं आणि त्यांचं हँडल धरून ओढलं. आम्ही दोघेही धुळीत पडलो. गाडीवान म्हणाला, "मास्तर, डोळे फुटले का?"

गाडी गेल्यावर सर पुलाच्या कठड्यावर बसले. चष्मा काढून पुसू लागले.

"त्यो खरं बोलला," ते म्हणाले. "काचबिंदू हाय, काळे. हैदराबादच्या डॉक्टरला दाखवलं. उजवा तर गेल्यात जमा हाय. डावा फुंकणी झालाय. चुलीच्या फुंकणीतून बघावं तसं बघायलोय मी. समोरचं तेवढं दिसतंय, बाजूचं सारं अंधार. ऱ्हायलेली नजर किती दिस टिकंल, ते डॉक्टरलाबी सांगता येईना."

मी म्हणालो, "सर, मग सायकल..."

"सायकल सोडायची न्हाई. वहीत अकरा बारवा काढायच्यात. सात झाल्या. नजर हाय तवर चार उरकतो, मग घरी बसतो." चष्मा नाकावर चढवून म्हणाले, "शाळेत बोलू नका. आंधळ्या माणसाला चित्रकलेवर कोण ठेवील?"

मी शब्द दिला. गणिताचा मास्तर असल्यामुळे लगोलग एक पद्धतही बसवून टाकली. मी पुढे राहायचं. माझी घंटी एकदा वाजली की रस्ता मोकळा, दोनदा वाजली की सावध, तीनदा वाजली की उतरा. सर खूश झाले. "आता रस्त्याला न्हाई, मला कळंल," म्हणाले. त्यांची स्वतःची घंटी कुणासाठी होती, तेही मला त्या दिवशी समजलं. जे आपल्याला दिसत नाहीत, त्यांनी निदान आपल्याला ऐकावं, म्हणून ती होती.

वर्षभर आम्ही असेच हिंडलो. आठवी बारव झाली, नववी झाली, दहावी झाली. दरम्यान पाऊस दडी मारून बसला. करडईच्या जागी नुसती ढेकळं दिसू लागली. बारवांत पाणी इतकं खाली गेलं की कुणी जन्मात न पाहिलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. लोक हवालदिल झाले होते आणि सर त्या पायऱ्या वहीत काढत होते. एकदा पेन्सिल थांबवून म्हणाले, "हिचा तळ दिसायलाय, आन् माझ्या नजरेच्या कडा मिटायल्यात." फुंकणीही आता अरुंद होत चालली होती. दहाव्या बारवेचे खांब त्यांनी बोटांनी चाचपून मोजले आणि मग काढले. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण एकच तर राहिली होती.

अकराव्या बारवेला निघालो, त्या रविवारी वहिनी दारापर्यंत आल्या. फडकं देताना म्हणाल्या, "भाऊजी, घंटी वाजवत ऱ्हावा." मी मान हलवली.

दोन कोसांवर हातोड्यांचा आवाज यायला लागला. दुष्काळी काम चालू होतं; दुष्काळात रविवारही पाळला जात नव्हता. रस्ता रुंद करायला उजवी बाजू पुरुषभर खोल खणली होती. खाली फोडलेल्या दगडांचे ढीग, आणि बाया-माणसं टोपली वाहत होती. सर आवाजावरून थांबले.

"लय लोक हायेत का?"

"हो, सर. निम्मे तर आपल्याच पोरांचे आईबाप. उजवा अर्धा रस्ता खणलाय. उतरून चालत जाऊ."

"चालत गेलो तर धा जण इचारतील, काय झालं म्हणून. समोरचं दिसतंय मला. तुमी पुढं व्हा. आन् घंटी नको आता. लोकांच्या ध्यानात येईल."

त्यांचा शब्द मोडायची माझी प्राज्ञा नव्हती. ते वयाने मोठे, मानाने मोठे, आणि त्यांचं गुपित सांभाळायची मला सवय झाली होती. मी पुढे झालो. अंगठा घंटीवर ठेवला, पण दाबला नाही. मागे त्यांच्या सायकलच्या साखळीचा आवाज येत होता, तो ऐकत अगदी हळू चालवत होतो. निम्मं अंतर पार पडलं. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात उजवीकडून बाईचा खणखणीत आवाज आला, "जयभीम, गुरुजी!"

सर काय करणार, ते मला त्याच क्षणी कळलं. घंटी वाजवायला तेवढा वेळ होता. मी घंटी न वाजवता मान वळवून मागे पाहिलं. सरांनी उजवा हात हँडलवरून उचलला होता. तोंड पूर्ण उजवीकडे फिरवून ते त्या फुंकणीतून बाई कुठे आहे ते शोधत होते. ती त्यांना सापडली. चेहरा उजळला. "जयभीम, बाई!" ते मोठ्याने म्हणाले, आणि चाक कडेवरून घसरलं.

खडीच्या ट्रकमधून त्यांना जिंतूरच्या दवाखान्यात आणलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. रक्त थांबत नव्हतं. वाटेत त्यांनी विचारलं, "कोण होतं?"

"गयाबाई, सर."

"दिसली मला. डोक्यावर टोपलं होतं." मग पुष्कळ वेळाने, "एकच ऱ्हायली, काळे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

अंत्ययात्रेनंतर घरात बाया बसल्या होत्या. गयाबाई रडत रडत प्रत्येकीला सांगत होती, "माझा जयभीम घेतला त्यांनी. कामावरल्या समद्यांनी बघितलं. मीच पापीण, गर्व हाय म्हणलं होतं." सायकल कशी घसरली, याचा तिने अर्थ लावला नव्हता. मी तिला सांगितलं नाही, पुढेही कधी नाही. वहिनींनीही तिच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच.

मी निघालो तेव्हा वहिनी दारात आल्या. रिकामं फडकं मी धुऊन आणलं होतं. ते घेताना त्यांनी विचारलं, "भाऊजी, घंटी वाजवली होती का?"

"नाही, वहिनी."

त्यांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "त्यांनीच नको म्हणलं असंल," त्या म्हणाल्या.

"हो."

खरंच होतं ते. पण नको म्हणणारा माणूस आंधळा होता आणि मला दोन्ही डोळे होते.