बटणावरचं बोट
होडीला फासलेल्या डांबराचा वास आला की मला रोहा गावी मामाच्या घरी पाहिलेला व्हायकिंग दर्यावर्दींचा सिनेमा आठवतो. मामानं कॅसेट दुबईहून आणली होती. पेणच्या खाडीत जन्मभर होडी चालवलेले बाबा टीव्हीच्या बटणावर बोट ठेवूनच बसले. "लाकडी होडी, भर दर्या, आन् पानी उपसनारा कोनच नाय? खोटा हाय सगळा." लढाई झाली, राजकन्या पळवली, तरी बाबांच्या कपाळावरची आठी हलली नाही. वादळ आलं. आता बाबा टीव्ही बंदच करणार, एवढ्यात नायकामागे एक म्हातारा वाकून बादलीनं पाणी उपसताना दिसला. बाबांनी बोट काढलं. मामाला म्हणाले, "मागं घे जरा. त्याला परत बघतो." आजही तो सिनेमा मी मोबाइलवर लावते, आणि म्हातारा दिसेपर्यंत माझा कशावरच विश्वास बसत नाही.