तीन उमेदवारांचे तीन नवरे

आमच्या वाटूरकडच्या जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी पक्षात तीन तगडे उमेदवार होते आणि तिघांचीही मी बारकाईनं पारख केली होती. पारखीत एकच किरकोळ गडबड झाली. जागा महिलांसाठी राखीव होती आणि मी तपासले ते तीन नवरे!

त्यातला एक मीच. (स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले होते.) दुसरा खताचा दुकानदार बाबाराव, तिसरा दूधवाला दिगंबर. पक्षानं ठरवलं होतं, जालन्याच्या लोकल चॅनेलवर तिन्ही इच्छुक बायांची चर्चा ठेवायची आणि जी चांगलं बोलेल तिला तिकीट द्यायचं.

आदल्या दिवशी मेहुणा प्रभाकर घरी आला. माझी बायको सुमन मेथी निवडत होती.

"दाजी, बाबाराव कसा वाटून राह्यला?"

"आवाज हाय, पण तापट! कॅमेऱ्यासमोर भडकला की गेला कामातून."

"अन् दिगंबर?"

"त्याचं तर नावच काढू नको! चार माणसांत कधी तोंड उघडलंय का? दिवसभर म्हशीमागं. पयला गारद तोच!"

"अन् त्यांच्या बायका?" सुमननं विचारलं. "बोलायचं तर आम्हाला हाय."

"तू बिलकुल टेन्शन घेऊ नको," मी म्हणालो. "मी हाय ना!"

तिच्या हातातली काडी हातातच राहिली. मला वाटलं, बिचारीला भरून आलं.

खरं तर सुमनला हे तिकीट मनापासून हवं होतं. गावच्या दवाखान्यात नर्स टिकत नाही, गरोदर बाईला अवघडलेल्या अंगानं तालुक्याचं परतूर गाठावं लागतं. बचत गटाच्या बायांना घेऊन ती यासाठी किती हेलपाटे घालून आली होती! लग्नानंतर तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. (साड्यासुद्धा माझ्या पसंतीच्या नेसते. माझी पसंती बघता हा त्यागच.)

जालन्यात मस्तगडला एका कापड दुकानाच्या वर चॅनेलचा स्टुडिओ होता. पुढं तिघी जणी, समोर आम्ही नातेवाईक. कार्यक्रम लाइव्ह! निवेदकानं पहिलाच प्रश्न टाकला, "सुमनताई, तुमच्या भागातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

सुमननं पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाली, "आमच्या दवाखान्यात..."

"रस्ता!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं.

आवाज ओळखीचा वाटला. माझाच होता!

"दादा, ताईंना बोलू द्या," निवेदक म्हणाला.

"तिचंच सांगून राह्यलो! रस्ता अन् पूल!"

"पूल आम्ही मागितला व्हता!" बाबाराव ताडकन उठला. (तापट आहे, हे मी म्हणालोच होतो.)

"तू? तू मागितला? आधी गिऱ्हाइकाला खताची पावती देत जा, मंग बोल पुलाचं!"

कॅमेरा आमच्याकडं वळला. तसा मला आणखी चेव आला. मी उमेदवारांच्या पुढ्यात गेलो, मागोमाग बाबाराव. त्याची बायको "अहो, बसा ना" म्हणत त्याचा सदरा ओढत होती. सुमन मात्र खाली बघत बसली होती. ते तेव्हा मला दिसलं नाही. घरी मोबाइलवर कार्यक्रम पुन्हा बघताना दिसलं.

शेवटी दम लागला म्हणून आम्ही बसलो. निवेदकानं दिगंबरच्या बायकोला विचारलं, "तुमचे मिस्टर आले न्हाईत?"

"धारेची वेळ हाय ना. ते घरी थांबले, म्हणून तर मी आले."

सगळा स्टुडिओ हसला. मग ती शांतपणे बोलली. दवाखान्याचं, नर्सचं, बाळंतपणाचं. मधे कुणीच बोललं नाही, कारण तिचा नवरा म्हशीजवळ होता! तिकीट तिलाच मिळालं.

परतीच्या जीपमध्ये वाटूर फाटा आल्यावर सुमन एवढंच म्हणाली, "एक वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं व्हतं."

मी खूपदा माफी मागितली. आठवड्यानं तिनं निकाल दिला. "पुढच्या टायमाला मी पुन्हा उभी राहणार. चर्चेच्या दिवशी तुमी घरी थांबायचं. धार काढायची."

"मला कुठं येती धार काढता?"

"शिका. पाच वर्षं हायेत."

तेव्हापासून रोज सकाळी मी दिगंबरकडं शिकवणीला जातो. काल पहिल्यांदा एकट्यानं बसलो. म्हैस जरा बुजलेली वाटली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेनं म्हणालो, "तू बिलकुल टेन्शन घेऊ नको, मी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं बादली लाथाडली.