विस्तव दाखवलेली कातर

कस्तुराबाईला लोक भांडखोर म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. गारखेड्यात पत्र्याच्या शेडमध्ये तिची भट्टी होती आणि आजूबाजूच्या प्रत्येक घराशी तिचं एकदा तरी वाजलेलं होतं. धूर येतो म्हणून एकाशी, ठोकाठोकीनं लेकरू झोपत नाही म्हणून दुसरीशी. पण तिचं खरं भांडण गल्लीशी नव्हतंच. ते एका म्हाताऱ्याशी होतं, आणि तो म्हातारा खुलताबादच्या डोंगराखाली मेंढरं राखत होता. तिचा बाप, सोनाजी.

मेंढपाळाची लेक लोखंडाच्या नादी लागली त्याची गोष्ट लहानच आहे. नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता. तो वारला तेव्हा तिला भट्टीखात्यात झाडू मारायला घेतलं. तिथला मिस्त्री पुंजाराम हा असा माणूस की त्याचं कुणाशीच पटत नसे. दोन भांडखोरांचं बरोबर जमलं. एकदा त्यानं एकाच सळईचे दोन तुकडे भट्टीत घातले, एक बेतानं तापवला, दुसरा पांढरा होईस्तोवर. दोन्ही तेलात विझवले आणि पकडीत धरून मोडले. तुटलेली तोंडं तिच्यापुढं केली. एकाचा दाणा जाड्या मिठासारखा चकाकत होता. दुसऱ्याचा इतका बारीक, की राखाडी मखमल वाटावी.

"लोखंड एकच हाय, कस्तुरा," पुंजाराम म्हणाला. "ह्याला लई तापिवलं, त्याचा दाणा फुगला. एका ठोक्यात गेलं. ह्या दुसऱ्यानं मात्र माझा घाम काढला."

कस्तुराबाईनं त्या दिवशी झाडू कोपऱ्यात ठेवला, तो पुन्हा म्हणून उचलला नाही. मुकादमानं दम दिला, तिनं त्याला दोन दिले. पुढं तपासणीच्या खोलीतल्या बाईसाहेबांच्या मागं लागून तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. विझवलेल्या पोलादाच्या पोटात सुयाच सुया दिसल्या, एकमेकींत आडव्यातिडव्या अडकलेल्या.

"ही तर घोंगडीची जात," ती म्हणाली. "लोकर सुटी असली तर वाऱ्यावर जाती. तीच गुतवून घट्ट केली की पाऊस आत येत नाय."

बाईसाहेब हसल्या, पण त्यांनी ते खोडलं नाही. एवढंच सांगितलं की या सुयांमुळे धार टिकते. मात्र नुसत्या सुया राहिल्या तर पोलाद काचेसारखं तडकतं, म्हणून पुन्हा थोडी ऊब द्यायची, वरचा रंग गव्हाळ होईपर्यंत. त्यापुढं तापलं की सुया विरायला लागतात. रंग निळा पडतो, पोलाद मऊ पडतं, आणि डोळ्याला मात्र वस्तू तीच दिसते.

स्वतःची भट्टी टाकल्यावर तिनं भंगारातून ट्रकच्या कमानीचे पाटे आणायला सुरुवात केली. त्यांचे विळे, कुऱ्हाडी, खुरपी. बाईनं पाणी पाजलेला, म्हणजे विझवून कडक केलेला विळा म्हणून लोक आधी हसले, मग हंगामात रांग लावून उभे राहिले. पण पिकतं तिथं विकत नाही. तिच्या स्वतःच्या माणसांनी तिच्याकडून साधी सुरी घेतली नाही. सोनाजी तर जुन्या मऊ लोखंडाच्या कातरींनीच मेंढरं कातरायचा, दर दोन मेंढरांमागं दगडावर धार लावत बसायचा, आणि बाईनं ऐरणीला हात लावू नये हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवायचा.

म्हणून दिवाळीआधी ती सहा नव्याकोऱ्या कातरी घेऊन तिकडं गेली. भावकी बसलेली होती. तिनं कातरी घोंगडीवर ओतल्या.

सोनाजीनं एक हातात घेऊन उलटीपालटी केली. "चालल्या तर डोंगरातल्या समद्या कळपांला तुझ्याच कातरी," तो म्हणाला. "नाय चालल्या तर लोखंड घिऊन माझ्या दारी यायचं नाय."

"कबूल. आन चालल्या तर ऐरणीचं ते बोलणं पुन्ना तोंडातून काढायचं नाय."

"कबूल," म्हातारा म्हणाला. भावकीनं ऐकलं.

दिवाळी झाली, कातरणी लागली, आणि एके सकाळी तिचा चुलतभाऊ फकिरा पोतं घेऊन भट्टीवर आला. त्यानं ते ऐरणीशेजारी आपटलं.

"दोन मेंढरांत धार बसली, आक्का. लोकर कापंना, चावती. एका मेंढीचं कातडं ओरबाडलं. आबा म्हनले, नेऊन दे."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. एरवी कस्तुराबाईनं ते तिथल्या तिथं पुसलं असतं. पण मेंढीचं ऐकून तिनं आधी पोतं जवळ ओढलं. तो गेल्यावर तिनं कातरी एकेक करून बाहेर काढल्या. आपल्याच हातून दाणा फुगला का? तेल कोमट होतं का? शेवटी तिनं एक पातं पकडीत धरलं आणि हातोडी घातली. ते मोडायला हवं होतं. मोडलंच नाही, पत्र्यासारखं वाकलं. सरळ केलं, पुन्हा वाकलं. पाचट फाटावं तसं शेवटी तुटलं, पण तोंडावर फुगलेला दाणा कुठं दिसेना.

मग तिनं दुसरी कातर उन्हात नेली. तिनं दिलेला गव्हाळ रंग नव्हता. पात्यावर पारव्याच्या मानेसारखी निळी झाक होती. तेवढी आच तिच्या भट्टीनं दिलेली नव्हती. सांध्याच्या खाचेत काळी पूड अडकली होती. तिनं नखानं काढून वास घेतला. जळलेली हळद.

आणि तिनं कपाळावर हात मारला. सोनाजीच्या घराण्याची रीत! नवी कातर आली की तिला भंडारा लावायचा आणि भंडारा काळा पडेस्तोवर गोवऱ्यांच्या विस्तवात धरायची. त्याशिवाय ती मेंढराला लावायची नाही. पोरसवदा असताना चिमटा तिनंच धरलेला. जुन्या मऊ लोखंडाच्या पोटात विरायला सुया नव्हत्याच, त्याला विस्तवाचं काय भय? हिनं सुया घातल्या आणि बापानं त्या भक्तिभावानं विरघळवून टाकल्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. निम्मा राग बापावर, निम्मा स्वतःवर, कारण रीत तिला ठाऊक होती आणि ऐन वेळी आठवली नव्हती.

उरलेल्या पाच कातरी तिनं पुन्हा लाल केल्या, तेलात विझवल्या, गव्हाळ रंगावर आणल्या आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं खुलताबाद गाठलं. कातरणी चालूच होती. दारी यायचं नाही म्हणून ती दारात गेलीच नाही, सरळ मेंढरांत जाऊन उभी राहिली.

"फकिरा, ही घे. हिला विस्तव दाव. आबा, ही तुमी घ्या. हिला नगं."

फकिरानं रीतीप्रमाणं केलं. त्याची कातर पहिल्याच मेंढीच्या पाठीवर लोकर चावायला लागली. "तेलात विझवून मी हिच्या पोटात बारीक सुया पाडल्या, तुमच्या विस्तवानं त्या विरघळल्या," कस्तुराबाई म्हणाली. सोनाजीच्या हातातली मात्र मेंढीमागून मेंढी चालली. लोकर अखंड पदरासारखी उतरत होती. म्हाताऱ्याच्या हाताला ते कळत होतं. हात थांबायला तयार नव्हता.

मग सोनाजीनं कातर खाली ठेवली. "कातर चांगली हाय," तो म्हणाला. "पर विस्तव न बघितलेलं लोखंड माझ्या मेंढरांला लागायचं नाय. बापजाद्याची रीत हाय."

"तिनं विस्तव बघितलाय, आबा! माझ्या भट्टीचा! तुमच्या गोवरीच्या धा पट!"

"ती भट्टी. आपल्या आगटीचा विस्तव निराळा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. तिनं कातरी गोळा केल्या. "बरं. चालल्या तर, असं बोलणं झालं व्हतं. चालल्या. समद्यांनी बघितलं. शब्द तुमी मोडला, मी नाय." आणि ती मागं न बघता सडकेला लागली.

नंतर तिनं विळे ठोकले, कुऱ्हाडी ठोकल्या, शेजारणीशी दोनदा भांडली. कातरीचं नाव काढलं नाही. तरी एका सकाळी कमानीचा एक पाटा तिनं कातरीच्या मापाचा कापला आणि भट्टीत सारला. का, ते तिलाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दारात सोनाजी उभा. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले, खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीखाली काहीतरी जपून धरलेलं.

"डोळ्याच्या दवाखान्यात आलो व्हतो," तो म्हणाला.

"आबा, ताकाला आलात तर भांडं कशाला लपिवता?"

म्हाताऱ्यानं घोंगडी बाजूला केली. मातीचं मडकं होतं. वर राख, राखेखाली लालबुंद विस्तव. घरच्या आगटीचा. एसटीच्या कंडक्टरनं मडक्यासकट चढू दिलं नव्हतं, म्हणून म्हातारा खुलताबादहून घाट उतरून रातभर पायी आला होता, वाटेत गोवरीचे तुकडे घालत, विस्तव जिता ठेवत.

"हा तुझ्या भट्टीत घाल," तो म्हणाला. "भंडाराबी आनलाय. काय दावायचं ते तू तेलात बुडवायच्या आधी दाव. रीत ऱ्हाईल, तुझ्या सुयाबी ऱ्हातील."

कस्तुराबाईनं मडकं घेतलं आणि विस्तव भट्टीत ओतला. सोनाजीनं वरून भंडारा उधळला.

"मी काय हारलो नाय," तो म्हणाला.

"मीबी नाय."

पाटा लाल झाला. तिनं चिमटा बापाच्या हातात दिला, त्यानं तो मुकाट घेतला आणि लाल लोखंड ऐरणीवर आणून धरलं. ती हातोडी घेऊन त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मुद्दामच, ऐरणीचं ते बोलणं निघतं का बघायला.

"बघती काय?" म्हातारा ओरडला. "घाल की घाव. गार व्हतंय!"