भाभींचा पालथा हात

कॉम्प्युटरला ताप आलाय का, हे हात लावून बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानामागच्या खोलीत भाभी गेम पार्लर चालवायच्या. खिडकीजवळच्या मशीनचा बाजूचा पत्रा कायम काढलेला असायचा. पोरं खेळात रंगली की भाभी पदर सावरून वाकायच्या आणि आतल्या, चित्रं पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना पालथी बोटं टेकवायच्या, लेकराच्या कपाळाला टेकवावीत तशी. मग निवांतपणे सांगायच्या, "थोडी कणकण हाये. चालू द्या."

मी राजूरहून कॉलेजसाठी मामाकडे राहायला आले होते. मामांचं घर त्याच गल्लीत. पोरीच्या जातीनं गेम खेळायला जाणं मामींना मुळीच पसंत नव्हतं, पण भाभींकडे जायला आडकाठी नसायची. एक तर पार्लर बाईचं, आणि दुसरं म्हणजे पुढच्या दुकानात गादीवर भाभींचे सासरे, बाबूजी, बसलेले. त्यांच्या नजरेखालून जाताना माणूस आपोआप सभ्य व्हायचा. कॉम्प्युटर आणले होते भाभींच्या नवऱ्यानं, हौसेनं. हौस फिटल्यावर तो पुन्हा कापडात रमला आणि भाभी मात्र त्या खोलीत जीव लावून बसल्या.

त्यांच्या राजस्थानी घरात सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. बाबूजीही तिच्याशी बोलायचे नाहीत. मधे कुणीतरी लागायचं आणि बहुतेक वेळा ती मीच असायचे. "बिनणीला सांग, पोरांचा गलका कमी कर," बाबूजी मला म्हणायचे. बिनणी म्हणजे सूनबाई, आणि ती दुकान आणि खोलीमधल्या पडद्याआड हातभर अंतरावर उभी. ती मला म्हणायची, "बाबूजींना सांग, आत्ता गप करते." दोघांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. मी नुसती मान हलवायचे. माझ्याइतकी आयती नोकरी जालन्यात दुसऱ्या कुणाची नसेल.

मग स्टेशनकडे नवं पार्लर निघालं. तिथली नवी कार्डं भारी, मोटारींच्या शर्यतीचा नवा गेम पाण्यासारखा पळायचा. आमच्याकडे त्याच मोटारी उचकी लागल्यासारख्या अडखळत. पोरं पांगू लागली. एक दिवस बाबूजी मला म्हणाले, "बिनणीला सांग, दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई तर मागची खोली कापडाची थानं ठेवायला लागती. नवा खर्चा बिलकुल न्हाई." खोली गेली असती तर भाभींचा दिवस पुन्हा चुलीपासून गच्चीपर्यंत आणि गच्चीपासून चुलीपर्यंत, हे मला तेव्हाही कळत होतं. मला फार वाईट वाटलं.

भाभी रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. कुठूनसं कॉम्प्युटरचं एक मासिक मिळवून, हेच स्वस्तातलं कार्ड त्याच्या नेमल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं, हे त्यांनी शोधून काढलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पट्टी असायची, ती माउसनं सरकवायची, की वेग वाढला. पण वेगाबरोबर तापही वाढायचा. "एकदम वाढवा ना," मी म्हणायचे. "घाई केली तर जळून जाईल, अन् दुसरं कोन आणून देऊन राह्यलंय?" भाभी म्हणायच्या. "थोडं चढवायचं, गाडी पळवून बघायची, हात लावायचा, मंग पुढं."

कापडाच्या दुकानातलं तूस पंख्यात अडकायचं. ते भाभी रंगवायच्या मऊ ब्रशनं काढत बसायच्या. उन्हाळ्यात मात्र त्यांची अक्कल चुकली. जालन्याचं ऊन, म्हणून त्यांनी वाळ्याचा कूलर सरळ उघड्या मशीनसमोर आणून लावला. गार वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार आत गेले आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला. कार्ड मलमलीत गुंडाळून सुकवावं लागलं. ते पुन्हा सुरू होईपर्यंत भाभींच्या घशाखाली घास उतरला नाही. नंतर मात्र हसून म्हणाल्या, "ताप उतरवायला गेल्ते अन् सर्दी करून ठेवली."

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी शर्यत ठेवली. खिडकीजवळचं एकच मशीन, पाळीपाळीनं खेळायचं. खोली पोरांनी गच्च भरली, स्टेशनकडची सुद्धा आली. दुपारी ऑक्टोबरच्या उकाड्यात पडद्यावर रंगीत ठिपके उठायला लागले. भाभींनी बोटं टेकवली आणि चटकन मागं घेतली. वेग उतरवला तर गाड्या अडखळायला लागल्या, पोरं कुरकुरली. चढवला की पुन्हा ठिपके. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात दुकानाकडचा पडदा बाजूला झाला. बाबूजी आपल्या गादीवरचा टेबलपंखा दोन्ही हातांत धरून आत आले. उकाड्यात त्यांचा एकमेव आधार तो. त्यांनी मला शोधलंही नाही.

"बिनणी, हवा कुठून द्यायची?"

भाभींनी पदर डोक्यावर ओढला. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "उजवीकडून, बाबूजी. जरा जवळ."

बाबूजींनी पंखा टेकवला आणि परत जाऊन पुठ्ठ्यानं वारा घेत बसले. ठिपके गेले. शर्यत पार पडली. खोलीचा विषय बाबूजींनी पुन्हा काढला नाही, आणि माझी निरोप्याची नोकरी त्या दिवशी संपली. पंखा तिथंच राहिला.

पुढं मी शिकायला पुण्याला गेले. आज मशीनशीच माझं पोट बांधलेलं आहे आणि कुठलंही यंत्र दिसलं की आधी पालथी बोटं टेकवते. घरोघरी कॉम्प्युटर आले तशी भाभींकडची गर्दी ओसरली. बाबूजी गेले त्या वर्षी मी दिवाळीला आले, तेव्हा भाभी खोली आवरत होत्या. नवरा खरेदीसाठी गावोगाव फिरायचा, म्हणून पाडव्यापासून गादीवर त्याच बसणार होत्या. मागं थानं लागणार होती.

ते एक मशीन अजून चालू होतं. भाभींनी पट्टी सरकवून कार्डाचा वेग मूळ आकड्यावर आणला.

"आता बंदच करायचंय ना?" मी विचारलं.

"लई पळवलं त्याला. शेवटाला तरी त्याच्या चालीनं चालू दे." थोडं थांबून त्यांनी बोटं टेकवली. "बघ, थंड हाये." मीही हात लावला. मला रडू आलं.

मशीन बंद करून भाभींनी टेबलपंखा उचलला आणि पुढं निघाल्या. गादी रिकामी होती. तरी उंबरठ्याशी थांबून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "बाबूजी, तुमचा पंखा आणलाय."