चेहऱ्यावरचा एक डोळा

आमच्या आत्यानं कुठल्याही वस्तूचा भाव पहिल्या दमात रुपयांत सांगितला नाही. अमडापूरच्या बाजारात ती वांगी घेऊन बसायची. गिऱ्हाईक विचारायचं, "काय भाव हाये, बाई?" आत्या शांतपणे सांगायची, "डोळा." नवखा माणूस चपापून तिच्या तोंडाकडे बघायचा. ओळखीचा हसायचा आणि पिशवी पुढं करायचा, कारण खरा भाव मागून येणार हे त्याला ठाऊक असायचं. वांगी महागली की डोळा आणि आवाक्याबाहेर गेली की गुर्दा, म्हणजे किडनी. सोन्याच्या दुकानावरून जाताना तर ती नुसतीच कमरेला हात लावून म्हणायची, "इथं दोन्ही गुर्दे काढून ठेवा लागते."

हे आमच्या गावचं नव्हतं, स्पेनचं होतं. आत्या तरुणपणी नवऱ्याच्या माघारी माहेरी आली, तेव्हा गावाबाहेर परदेशी सिस्टरांचा एक लहानसा दवाखाना होता. तिथं ती स्वयंपाकाला लागली; बाजारात वांगी विकायला बसणं त्यानंतरचं. दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर स्पेनच्या. गाव त्यांना शिस्टरबाई म्हणायचं. पेशंटांशी बोलून बोलून त्या अस्सल वऱ्हाडी बोलायला शिकल्या होत्या. "काऊन वं माय, काय दुखून राह्यलं?" असं विचारत त्या बाईची नाडी धरायच्या. पण माणसाला महागाई आणि दमणूक आपल्याच भाषेत सुचते. आत्या बाजारातून भाजी आणून भाव सांगायची, तेव्हा त्यांच्या तोंडून निघायचं, "उन ओहो दे ला कारा!" म्हणजे चेहऱ्यावरचा एक डोळा देऊन घेतलं, इतकं महाग. पाण्याच्या बादल्या ओढताना, चादरी पिळताना त्यांच्या तोंडी दुसरं काही यायचं. आत्यानं हे सगळं चुलीपुढं बसून उचललं.

त्यामुळं आत्याची स्पॅनिश जगावेगळी होती. तिला महागाई येत होती, मेहनत येत होती, पण 'नमस्कार' येत नव्हता. 'कशा आहात' तर नाहीच नाही. पोरंसोरं तिला ओहोआत्या म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

दोघींचा रोजचा एक खेळ होता, तो आत्या शेवटपर्यंत सांगायची. आत्या पिशवी ओतून म्हणायची, "शिस्टरबाई, वांगे आनले. उन ओहो दे ला कारा." शिस्टरबाई चष्म्यावरून बघून विचारायच्या, "अन् वरून सांबार?" सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. भाजी घेतली की मूठभर सांबार वरून फुकट, हा आमच्या बाजाराचा कायदा. शिस्टरबाईंना या कायद्याचं भारी कौतुक होतं. त्या म्हणायच्या, आमच्या देशात डोळा घेतात, पण वरून काही देत नाहीत. मग आत्या पदराआडून जुडी काढायची आणि, आमच्याकडं बायकाही 'देतो'च म्हणतात तसं, म्हणायची, "देतो ना, शिस्टरबाई."

मी लहान असतानाच दवाखाना बंद झाला आणि शिस्टरबाईंना परत बोलावून घेतलं. गाव वेशीपर्यंत गेलं होतं म्हणतात. आत्या गेली नाही. ती विहिरीजवळच्या वाफ्यात सांबार निंदत बसली होती. का गेली नाहीस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "जाऊन काय बोलू वं? येतो-जातोचं तिच्या भाषेत मले काहीच येत नव्हतं."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. बारावीनंतर मला चिखलीला कॉलेजात घालायचं निघालं, तेव्हा बाबा कुरकुरत होते. पोरीनं रोज एसटीनं जायचं, लोक काय म्हणतील, घरचं काम कोण करेल. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "क्येन आल्गो क्येरे, आल्गो ले क्वेस्ता." ज्याला काही पाहिजे, त्याला काही ना काही मोजावं लागतं. बाबांना अक्षर कळलं नाही. पण ते लहानपणी तापानं फणफणले होते तेव्हा शिस्टरबाईंनी त्यांना वाचवलं होतं. त्यांच्या भाषेत सांगितलेलं ते मोडत नसत. सोमवारी मी एसटीत होते.

कॉलेजात मी इंग्रजी शिकले, तशी आत्याला चढाओढ सुरू झाली. संध्याकाळी ती विचारायची, "याले तुह्या इंग्रजीत काय म्हन्तात?" मी सांगितलं, आपल्या त्या म्हणीला इंग्रजीत 'नो पेन, नो गेन' म्हणतात, दुखल्याशिवाय लाभ नाही. तिला ते लहान वाटलं. "पाटीवर लिवल्यासारखं हाये," ती म्हणाली. डोळ्याच्या जागी इंग्रज एक हात आणि एक पाय देतात, हे ऐकल्यावर मात्र ती हातातलं खुरपं खाली ठेवून विचारात पडली.

"हातपाय देल्ले तं निंदाले कोन येईन? डोळा बरा. एकानं बी दिसते."

तिच्या स्पॅनिशनं एकदा भांडणही झालं असतं. दुकानदार तिला फवारणीचा स्वस्तातला पंप गळ्यात मारत होता. आत्यानं पंप उलटापालटा केला आणि म्हणाली, "लो बारातो साले कारो." स्वस्त ते शेवटी महाग पडतं. दुकानदार उखडला, "बाई, साले कोनाले म्हन्ता?" आत्या म्हणाली, "तुले नाई रे बाप्पा, पंपाले."

मी अभ्यासाला बसले की ती कंदिलासारखी शेजारी बसून राहायची. पुस्तक मिटू लागले की बोट उगारायची, "गोता गोर्दा!" घामाचा जाडा थेंब पडेपर्यंत, असं शिस्टरबाई चादरी पिळताना म्हणायच्या. त्या जाड्या थेंबावर मी बीए झाले, पुण्याला गेले, आणि तिथं नोकरी करून स्पॅनिशच शिकले. वर्गात डोळ्याची ती म्हण आली तेव्हा बाई फळ्यावर शेजारी इंग्रजी अर्थ लिहीत होत्या. मला मात्र वांग्याचा वास आला.

दोन वर्षांपूर्वी आत्याला धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं. त्यानंतर मी घरी गेले की ती एकच विचारायची, "शिस्टरबाई असन का वं?" तिच्याकडं पत्ता नव्हता. मी स्पेनमधल्या त्यांच्या संस्थेच्या मुख्य मठाला स्पॅनिशमध्ये मेल लिहिला. आठवडाभरात उत्तर आलं. सिस्टर आहेत. वृद्ध सिस्टरांच्या घरात असतात. पण आठवण फार राहिलेली नाही, माणसं ओळखत नाहीत, तेव्हा फार आशा धरू नका. सकाळी जरा बऱ्या असतात, तेव्हा व्हिडिओ कॉल करता येईल.

मी आत्याला सगळं सांगितलं, ओळखणार नाहीत हेही सांगितलं. ती म्हणाली, "तिनं नाई ओयखलं तं मी ओयखीन." मी तिला चार दिवस नमस्कार शिकवला. 'बुएनोस दियास' म्हण, मग 'कशा आहात' विचार. ती सकाळी पाठ करायची आणि दुपारी विसरायची.

तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. रेंज फक्त मळ्यात, विहिरीच्या कठड्याशी. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून धापा टाकत तिथवर आली. फोनवर खुर्चीत बसलेली एक इवलीशी म्हातारी दिसली. एक मुलगी फोन धरून होती. मी स्पॅनिशमध्ये ओळख करून दिली, गावाचं नाव घेतलं, दवाखान्याचं सांगितलं. सिस्टर मान हलवत राहिल्या, सभ्यपणे, जशी आपण परक्या पाहुण्यासमोर हलवतो. मग त्या खिडकीकडं बघू लागल्या. मी आत्याला कोपरानं ढोसलं, नमस्कार म्हण. आत्याचे ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. त्या मुलीनं हळूच विचारलं, थांबवायचं का?

आत्या फोनकडं झुकली.

"शिस्टरबाई, वांगे आनले. उन ओहो दे ला कारा."

म्हातारीची मान हळूहळू वळली. ती आत्याकडं बघत राहिली, चष्म्यावरून.

"अन् वरून सांबार?"

आत्यानं हात मागं नेला, वाफ्यातून उपटलेली सांबाराची मातीसकट मूठ फोनसमोर धरली. तिकडची मुलगी गोंधळून मला विचारू लागली, सिस्टर आज कुठली भाषा बोलल्या? आम्ही कधी ऐकली नाही. पुण्यात माझ्या ज्या 'मले-तुले'वर लोक हसले होते, ती ही भाषा. मी स्पॅनिशमध्ये सांगितलं, आमची.

आत्या त्याच वर्षी हिवाळ्यात गेली. सकाळी वाफ्याला पाणी दिलं, दुपारी बाजेवर टेकली, ती उठली नाही. तिच्या जागी बाजारात आता दुसरी बाई बसते. ती भाव रुपयांत सांगते. मी तिच्याकडून घेते, पण दोन पावलं पुढं गेल्यावर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

सिस्टर अजून आहेत. काही दिवसांनी त्या मुलीचा मेल आला. सिस्टर जेवत नाहीत, फोनकडं बोट दाखवून ती बाई कधी येणार म्हणून खुणा करतात, जमेल का? मी गावी गेले की फोन लावून विहिरीच्या कठड्याशी बसते. पदर घेते, आवाज आत्यासारखा सावकाश करते आणि भाव सांगते. त्या बघतात, चष्म्यावरून. आत्या गेल्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

"अन् वरून सांबार?"

पुण्यात मी 'देते' म्हणते. इथं वाफा हाताशी असतो, आत्यानं लावलेला, दरवेळी नव्यानं उगवणारा.

"देतो ना, शिस्टरबाई."