चौकातली पाटी आणि माझी सही

घ्या, आधी चहा संपवा. पुढचं ऐकताना चहा नाकात गेला तर मला बोल लावायचा नाही! माझ्याच हातानं, माझ्याच ब्रशनं मी माझी जी शोभा करून घेतली, तशी चौक गावात दुसऱ्या कुणाची झाली नसेल.

मी दत्तू पेंटर. तेव्हा मुंबई-पुण्याच्या झाडून सगळ्या गाड्या आमच्या चौकवरून जायच्या. ट्रकच्या मागं कमळ काढायचं, नंबर टाकायचा, तर तो मीच. अक्षराला रुबाब होता. आणि खोटं कशाला बोलू, अक्षरापेक्षा मलाच जास्त होता!

एक दिवस अनसूयाकाकू दुकानात आल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण हिशेबाला चोख आणि मनाची खंबीर. त्यांचे यजमान भाऊ दम्यानं बेजार. घर देवळासमोरच्या चौकात. भाऊंनी संध्याकाळी ओट्यावर टेकावं, तर पायरीशी दहा-बारा जण विड्या ओढत बसलेले. धूर लागला की उबळ आलीच. मग दार लावून आत. दोन वर्षं त्या माणसानं धड संध्याकाळ पाहिली नव्हती.

"समद्यांना हात जोडलं रं," काकू म्हणाल्या. "तर म्हंतात, काकू, हितं वडायची नाय असं कुठं लिवलंय? आता तूच लिव. देवळासमोरच्या चौकात विडी वडू नये. आन् लोकांना दिसंल अशी लाव."

किती साधं काम! पत्रा घेतला, पांढरा रंग दिला, आणि पहिल्यांदा काय लिहिलं असेल मी? सही! खाली कोपऱ्यात करायची होती, पण हाताला लय सापडली आणि ती वाढतच गेली. तिच्याखाली वेलबुट्टी काढली. एक कमळही काढलं. मग वर बघतो, तर 'देवळासमोरच्या' या शब्दाला जागाच उरली नाही! म्हटलं, जाऊ दे, चौक म्हटलं की लोक काय ते समजतील.

पाटी झाली: 'चौकात विडी ओढू नये. दत्तू पेंटर.'

आता लावायची कुठं? लोकांना दिसेल अशी! देवळापुढं माझं अक्षर बघणार किती जण? पन्नास? मी पाटी उचलली आणि हमरस्त्यावर, शिवेवर जिथं गावाच्या नावाची पाटी होती, तिच्याखालीच ठोकली. वर 'चौक', खाली 'चौकात विडी ओढू नये'.

आलं ध्यानात? मला तेव्हा आलं नव्हतं हो!

दुसऱ्याच दिवशी एसटीचा कंडक्टर ओरडला, "चला, चौक आलं! विड्या विझवा!" खिडक्यांतून थोटकं उडाली. ट्रकवाले शिवेअलीकडं गाडी थांबवून आधी विडी संपवायचे, मगच गावात शिरायचे. परगावचे विझवतात म्हटल्यावर गावकऱ्यांची पंचाईत! देवळापुढची मंडळीसुद्धा शिवेपलीकडं, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर रांगेनं उकिडवी बसायला लागली. जो तो विचारायचा, "ह्यो दत्तू पेंटर कोण रं? नवा मामलेदार का?"

तिसऱ्या दिवशी ढाबेवाले तात्या बाह्या सरसावत आले. "दत्त्या! चा पिऊन मानूस विडी नाय वडणार, तर काय भजन करील? गिऱ्हाईक पळतंय माझं! पूस ती पाटी!"

रंगाचा डबा घेतला. म्हटलं, आधी काकूंकडं जाऊन गुन्हा कबूल करू. देवळाचा कोपरा वळलो आणि थांबलोच. ओट्यावर भाऊ बसलेले! हातात चहाची बशी.

"ये रं दत्तू," ते म्हणाले. "लय दिसांनी तात्याच्या भज्यांचा वास आला बघ."

माझे डोळेच भरून आले. तरी सगळं सांगून टाकलं. काकू खांबाला धरून हसल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "चल तात्याकडं."

ढाब्यावर जाऊन त्यांनी तात्यांना बोटानं आतलं बाक दाखवलं. बाकावर पाच-सहा बाया, पोरंबाळं, गरम भजी. याआधी त्या धुरात बायका पाऊल टाकत नसत. एसटी ढाब्यापुढं थांबली तरी उन्हात आतच बसून राहायच्या.

"विडीवाला अर्ध्या चावर घंटाभर बसतो," काकू म्हणाल्या. "ह्या बाया पोरांस्नी भजी खाऊ घालत्यात. कोण पळालं रं तात्या तुझं?"

तात्या डोकं खाजवत कढईकडं गेले. मी मनातल्या मनात काकूंना दंडवत घातला. माझ्या चुकीतून आख्ख्या गावाचं भलं शोधून काढलं या बाईनं!

"पाटी ऱ्हाऊ दे," त्या मला म्हणाल्या. "पन खाली नाव तुझं हाय. तूच वडलीस तर गाव हसंल."

आता हे कसं जमावं? मी स्वतःच विडीबाज, सकाळपासून विडीवाचून कासावीस! गुपचूप शिवेपलीकडं गेलो आणि मोरीवर विडी पेटवली. शेजारी एक घाटावरचा ड्रायव्हर पाटी वाचत उभा.

"लई कडक मानूस असंल ह्यो पेंटर," तो म्हणाला. "तुमी बगितलाय का त्याला?"

माझी छाती फुगली. "बघितलाय की!"

"विडीला शिवत बी नसंल."

"छे छे! शिवतोय कसला!" असं म्हणताना विडीचा हात आपोआप पाठीमागं गेला. तो स्तुती करतोय, मी ऐकतोय. तो आणखी करतोय, मी आणखी ऐकतोय. इतकं गोड वाटत होतं की हातातल्या विडीचा विसर पडला.

आठवण झाली ती पाठ भाजल्यावर!

परत आलो तर ओट्यावर दोघंही. काकूंनी मला गर्रकन फिरवलं. सदऱ्याला हे एवढं भोक! भाऊ हसायला लागले. हसले, हसले, आणि एकदाही खोकले नाहीत. काकू त्यांच्याकडंच बघत राहिल्या. मग आतून सुईदोरा आणून त्यांनी सदऱ्याला ठिगळ लावलं, दात लावून दोरा तोडला आणि सदरा माझ्या हातात दिला.

"घे. भरपूर जागा सोडलीय," म्हणाल्या. "आता ह्याच्यावर पन सही कर!"